शेवटची जोडी

बाबाराव नगराळे पहिल्यांदा आमच्या रनिंग क्लबात आले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही केला नाही. फॉर्म हातात धरून त्यांनी मला सरळ विचारलं, "मॅडम, हे तीनशे रुपये कायचे?"

"वर्षाची फी आहे, भाऊ. त्यात टी-शर्ट येतो, रोजचा चहा येतो."

"म्हंजे पळाचं बी मीच, अन् पैसे बी मीच द्याचे? तेहतीस वर्षं एस.टी. पळोली मी. तवा तं मलेच पैसे भेटत होते!"

मागच्या मुली फिदीफिदी हसल्या. मला मात्र राग आला. मी मुलींच्या शाळेत पीटीची बाई. वीस वर्षं शिट्टी फुंकून फुंकून माझी जीभही तशीच झाली आहे असं घरचे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. मी विचारलं, "शुगर किती आहे?"

"दोनशे ऐंशी."

"मग तीनशे भरा. ते दोनशे ऐंशी कमी करायचे आहेत."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, शर्टाच्या आतल्या खिशातून पैसे काढले आणि म्हणाले, "तुमी तं पक्क्या कंडक्टरवानी बोलता." ते तोंडभर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

फॉर्म त्यांनी भरलेला नव्हताच. त्यांची मुलगी प्रियंका इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिनं भरला होता. बाबा रिटायर झाल्यापासून खुर्चीतून फक्त जेवायला उठतात, असं तिनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. आई तुळसाबाईंचं म्हणणं त्याहून वेगळं होतं. "थो खुर्चीत बसून स्टेरिंगच धरून राह्यते," त्या म्हणाल्या होत्या. "हात तसेच."

वणीत पळायचं म्हणजे आधी रस्ता शोधावा लागतो. आमचं गाव कोळशाचं. चंद्रपूरच्या रस्त्यानं सकाळी पळून या आणि रुमालानं नाक पुसा, रुमाल काळा. म्हणून आम्ही नांदेपेरा रोडनं जातो. गाड्या त्यातल्या त्यात कमी, दोन्हीकडे तूर आणि कपाशी, अडीच किलोमीटरवर नाल्याचा पूल. पाण्याच्या टाकीपासून निघायचं, पुलाच्या कठड्याला हात लावायचा आणि माघारी फिरायचं. क्लबाचे नियम दोनच, दोन्ही मीच केलेले. पहिला, एकट्यानं पळायचं नाही. जोडीनं जायचं, जोडीनंच यायचं. रात्रभर जागलेल्या ट्रकवाल्याला झुंजूमुंजूच्या अंधारात एकटा माणूस दिसत नाही, आणि कुत्रीसुद्धा एकट्याच्याच मागे लागतात. दुसरा, शेवटची जोडी परत येईपर्यंत चहाच्या थर्मासचं झाकण उघडायचं नाही. या दुसऱ्या नियमापायी मी सव्वीस माणसांच्या शिव्या खाते, पण नियम बदललेला नाही.

क्लबाची खरी किंमत तीनशे रुपये नव्हेच. साखरझोप जाते. शेजारी कुचेष्टा करतात. बाबारावांच्या गल्लीत तर रोज कोणीतरी विचारायचं, "काका, काहून पळून राह्यले, कुत्रं लागलं काय मांगं?" ते मान खाली घालून निघून यायचे.

आणि पळायचे म्हणजे काय! पोट पुढे, मान ताठ, दोन्ही हात छातीपुढे. मी सांगितलं, रस्त्याच्या उजव्या बाजूनं पळा, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. ते डावी बाजू सोडायला तयार नाहीत. "राँग साइड कशी घेऊ, मॅडम? पूर्ण नोकरीत एक दाग नाही माह्यावर." पंधरा दिवस मी घसा फोडला तेव्हा कुठे उजवीकडे आले. दुसरी खोड तर गेलीच नाही. वाटेत एक जुना बसथांबा आहे, पत्रा उडालेला. तिथं आले की बाबाराव क्षणभर थांबायचेच. कोणी चढायचं नाही, कोणी उतरायचं नाही, तरी पाय आपोआप हळू पडायचे. जित्याची खोड, दुसरं काय. पहिला दीड महिना मीच त्यांची जोडीदार होते, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

जुलैच्या शेवटी मारोतराव गोहोकार आले. सडपातळ, पांढऱ्या मिशा, नुकतेच रिटायर झालेले. फी विचारली नाही, नियम विचारले नाहीत, सुटे पैसे मोजून दिले आणि बाजूला उभे राहिले. मी त्यांना एक फेरी पळवून पाहिलं. दम कमी, गुडघे जुने, वेग बाबारावांएवढाच. मला आनंद झाला. आता माझी सुटका झाली, पुढच्या पोरींकडे बघता येईल, या आनंदात मी मोठ्यानं जाहीर केलं, "बाबाराव आणि मारोतराव, उद्यापासून तुम्ही जोडी!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. बाबारावांचा चेहरा पडला, मारोतरावांनी मिशीवरून हात फिरवला. दोघंही हो म्हणाले. म्हाताऱ्या माणसांचा स्वभाव अबोल असतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मुळात घाटंजीची मी. वणीच्या एस.टी. डेपोत काय घडलं होतं ते मला काय ठाऊक?

आठ दिवसांनी प्रियंका माझ्या घरी आली आणि दारातच म्हणाली, "मॅडम, हे काय केलं तुमी? ते दोघं बोलत नाहीत. अडीच वर्षं झाली."

मग तिनं सगळं सांगितलं. बाबाराव ड्रायव्हर, मारोतराव कंडक्टर, वणी ते यवतमाळ व्हाया मारेगाव, एकोणीस वर्षं एकाच गाडीवर. डेपोत त्यांची नावं वेगवेगळी कोणी घेत नसे. दोघांचा डबा एक. मारोतरावांच्या घरून त्यांच्या बायकोच्या, विजयमालाबाईंच्या, हातचा ठेचा यायचा, बाबारावांच्या घरून झुणका. आंबेडकर जयंतीला मारोतराव नगराळ्यांच्या अंगणात आचाऱ्याशेजारी उभे, आणि पोळ्याला बाबाराव गोहोकारांच्या बैलांपुढे. मग २०२१ च्या दिवाळीत एस.टी.चा मोठा संप सुरू झाला. डेपोसमोर तंबू पडला. दोघं शेजारी शेजारी बसले, दोन महिने बसले. बाबारावांच्या रिटायरमेंटला अकरा महिने उरले होते. जानेवारीतल्या एका सकाळी ते कोणालाही न सांगता कामावर हजर झाले आणि पोलीस बंदोबस्तात गाडी बाहेर काढली. फाटकाजवळच्या गर्दीत मारोतराव उभे होते. बाबारावांनी त्यांना पाहिलं. गाडी थांबवली नाही. गाडीत दुसरा कंडक्टर होता.

मारोतराव शेवटपर्यंत तंबूत राहिले. पगार बंद, कामावरून काढल्याची नोटीस हातात. भावाच्या शेतात त्यांनी कापूस वेचला. संप मिटला, नोटीस रद्द झाली, सगळे परत गेले. पण मारोतरावांनी साहेबांना सांगून दुसरी लाइन मागून घेतली. बाबाराव रिटायर झाले त्या दिवशी डेपोत हार-तुरे झाले, त्यालाही ते आले नाहीत.

हे ऐकून मला माझ्याच हुशारीची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी बाबारावांना बाजूला घेतलं. "भाऊ, मला माहीत नव्हतं. उद्यापासून जोडी बदलते."

त्यांनी बराच वेळ बुटाच्या लेसशी खेळ केला. मग म्हणाले, "राहू द्या, मॅडम. मले एक गोष्ट सांगाची हाय त्याले. अडीच वर्षं झाले, तोंडातून निंगत नाही. बाजूनं पळता पळता एखाद्या दिवशी निंगन."

तर ते एक वाक्य निघावं म्हणून बाबाराव रोज पाच किलोमीटर पळत होते. शुगर-बिगर निमित्त. मला कळलं तेव्हापासून मी दोघं पाण्याच्या टाकीजवळ परतले की आधी चेहरे बघायची. ऑगस्ट गेला, पोळा गेला, दसरा गेला. वाक्य काही निघालं नाही. दोघं मूग गिळून पळायचे. बाबाराव दोन पावलं पुढे, मारोतराव दोन पावलं मागे, गाडीत असायचे तसेच. खड्डा आला की बाबाराव मागं न बघता उजवा हात खाली हलवायचे. मागून ट्रॅक्टर आला की मारोतराव टाळी वाजवायचे. बाबाराव बसथांब्याशी हळू झाले की मारोतरावही मुकाट हळू व्हायचे. बोलणं सोडून सगळा संसार चालू होता. पुढच्या जोड्या केव्हाच परतलेल्या असायच्या, चहाकडे बघत आवंढे गिळायच्या आणि माझ्या नावानं बोटं मोडायच्या.

बाबारावांची शुगर एकशे साठवर आली. तुळसाबाईंनी मला घरच्या तुरीची डाळ पाठवली. पट्टा दोन भोकं आत गेला, चेहरा उजळला, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. कोणी विचारलं असतं तर क्लबाचे पैसे फिटले असंच सगळे म्हणाले असते. पण मी चहाचा कप हातात दिला की ते माझ्याकडे बघून किंचित मान हलवायचे. आजही नाही.

जानेवारीत एके दिवशी दाट धुकं पडलं. माझा गुडघा दुखत होता म्हणून मी पळाले नाही, स्कूटीजवळ थर्मास घेऊन उभी राहिले. एक एक जोडी धुक्यातून बाहेर आली. सगळ्यांत शेवटी बाबाराव आले. एकटे.

"भाऊ, मारोतराव कुठे आहेत?"

बाबारावांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. त्यांचा चेहरा असा काही झाला की मी पुढची दटावणी सोडून दिली. रोज दोन पावलं मागे असणारा माणूस आजही असेलच, असं धरून ते तंद्रीत पळत आले होते. बोलणं नाही, त्यामुळे "येतं ना?" असं वळून विचारणं नाही. कंडक्टर खालीच राहिला आणि ड्रायव्हर गाडी घेऊन निघून आला, ही एस.टी.तली सगळ्यांत जुनी थट्टा आहे. एकोणीस वर्षांत बाबारावांकडून ती चूक झाली नव्हती. संपात एकदा झाली, आणि आता ही दुसऱ्यांदा.

"सोडलं मी त्याले," ते म्हणाले. "पुन्हा सोडलं."

मी स्कूटी सुरू केली, म्हटलं बसा मागे. ते बसले नाहीत. उलटे फिरले आणि पळत सुटले. पाच किलोमीटर पळून आलेला साठ वर्षांचा माणूस पुन्हा पळत निघाला, आणि या वेळी हात छातीपुढे नव्हते, कसेही उडत होते. मी हळूहळू स्कूटी मागे ठेवली. बसथांबा आला. तिथं त्यांचे पाय जरासुद्धा हळू झाले नाहीत.

मारोतराव पुलाच्या कठड्यावर बसले होते. एक बूट काढलेला, पिंढरी दोन्ही हातांनी दाबून धरलेली. जिवाला काही नव्हतं. मी स्कूटी थोडी अलीकडेच थांबवली. इथं माझं काम नव्हतं. पण सकाळची वेळ, रस्ता सुनसान, दोघांचेही आवाज एस.टी.तले. मला शब्दन् शब्द ऐकू आला, आणि मी कान बंद केले नाहीत हेही कबूल करते.

"काय झालं?" बाबारावांनी विचारलं. तीन वर्षांतला हा पहिला शब्द.

"गोळा आला पायाले."

"मंग हाक माराची ना!"

"कायले मारू? तू थांबतं काय?"

बाबाराव खाली बसले, त्यांनी मारोतरावांचा पाय आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि पिंढरी चोळायला लागले. मारोतरावांनी पाय काढून घेतला नाही. चोळता चोळता बाबाराव मान खाली घालूनच बोलले.

"अकरा महिने राह्यले होते माह्ये. भेव लागलं मले. पेन्शन-गिन्शन सगळं जाईन वाटलं. तुह्यासारखी छाती नाही माही. चुकलो मी, मारोत."

निघालं एकदाचं. मला वाटलं, आता मारोतराव रागावतील, नाहीतर माफ करतील. दोन्ही झालं नाही. ते धुक्यात बघत म्हणाले, "अकरा महिन्याचं माहीत होतं मले. त्याचा राग नाही."

"मंग कायचा हाय?"

"आदल्या दिवशी संध्याकाई टपरीवर आपण च्या पेलो. एक कप दोघात. अर्धा घंटा बसला तू. बोलला काय, का उद्या मी गाडी काढतो?"

"कसं बोलू? तू तंबूत भाषण देत होता. माह्या तोंडावर थुकला असता."

"भाषण देत होतो!" मारोतराव एकदम मोठ्यानं म्हणाले. "अबे, भाषणाले काय लागते? घरी जाऊन रोज रडत होतो मी. विजयमालाले इचार. मले बी भेवच लागत होतं, पर एकट्यानं कसं जाव? लोकं काय म्हनतीन? मी तुही वाट पाहून राह्यलो होतो. म्हटलं, बाबाराव एक दिवस म्हनन, चाल मारोत, लय झालं. मंग जाऊ दोघं. अन् तू गेला. दुसरा कंडक्टर घेऊन गेला. मी फाटकावर उभा, अन् तू माह्याकडं पाहून गेला."

बाबारावांचे हात थांबले.

"तू आला असता?"

"इचारलं असतं तं आलो असतो. तसाच आलो असतो, चप्पल घालाले बी थांबलो नसतो. नाही इचारलं, म्हून तीन महिने अजून तंबूत बसलो. लोकं समजले, मारोतराव लय इमानदार. कायचा इमानदार! मले कोनी बलावलंच नाही."

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तीन वर्षं बाबारावांनी स्वतःला भित्रा समजून या माणसासमोर मान वर केली नव्हती, आणि हा माणूस तितकाच भित्रा, फक्त एका विचारण्याची वाट बघत बसलेला. ही सगळी वर्षं वाया गेली म्हणून मला त्या दोघांचाही विलक्षण राग आला. शाळेतल्या पोरी असत्या तर कान धरून उभ्या केल्या असत्या.

"अन् क्लबात?" बाबारावांनी अगदी हळू विचारलं. "क्लबात तुले माहीत होतं, मी हाय म्हून?"

"मंग? मले काय या वयात मेडल पाह्यजे होतं?"

बाबाराव हसले. हसता हसता त्यांनी टी-शर्टच्या बाहीनं तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले. मारोतराव बूट चढवायला लागले. मी मग स्कूटी पुढे घेतली, मारोतरावांना म्हटलं बसा, पाय दुखत असेल. ते नको म्हणाले. दोघं चालत निघाले, एकामागे एक नाही, बाजूबाजूनं, अर्धा रस्ता अडवून. चहा पार थंडगार झाला होता आणि चोवीस माणसं माझ्यावर खेकसायला टपून बसली होती. मी त्या दिवशी कोणालाही उलट बोलले नाही. ते पाहून लोकांनी माझी तब्येत विचारली.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला हजेरी घेतली. बाबाराव नाहीत. मारोतराव नाहीत. सहा महिन्यांत पावसात, थंडीत, दिवाळीतसुद्धा न चुकलेली जोडी. पुलावरचं बोलणं घरी गेल्यावर उलटलं की काय? म्हाताऱ्यांचं काही सांगता येत नाही, रात्रभर विचार करून पुन्हा रुसतात. बाकीच्या जोड्या पळायला गेल्या तशी मी बाबारावांना फोन लावला.

"भाऊ, कुठे आहात? भांडलात का पुन्हा?"

"नाही जी, मॅडम. काल दहा किलोमीटर झालं ना, पाय लय दुखून राह्यले. आज बुट्टी मारली."

"आणि मारोतराव? त्यांचा पाय बरा आहे ना?"

"त्याचा मस्त हाय. थो तं येतच होता. पर काल संध्याकाई गेलतो मी त्याच्या घरी. म्हटलं, मारोत, उद्या मी जात नाही, तू काय करतं? थो म्हने, मंग मी बी नाही जात. आता त्याच्याच अंगनात बसून च्या पेऊन राह्यलो आमी."

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडून मारोतरावांचा आवाज आला, सगळ्या गाडीला ऐकू जावा असा.

"मॅडमले सांग, लावा म्हना गैरहजेरी. पर दोघाईची लावा. एकाची लावू नोका."